मीटर आपल्याच गळतीनं फिरत होतं

आबा,

मी पालिकेत पाण्याच्या बिलाची हरकत द्यायला गेलेय. भाकरी दुरडीत आहेत, आमटी तेवढी गरम करून घ्या.

बिल वाढून आलं तेव्हा तुम्ही वर भाड्यानं राहणाऱ्या फरीदाकाकींना जिन्यातच म्हणालात, "तुमचं धुणं लय असतंय, दुसरी जागा बघा." मला ते पटलं नव्हतं, पण मी तुम्हाला अडवलं नाही.

काल त्या लेकीला घेऊन कडेगावला गेल्या होत्या. दुपारी मी वरचा कॉक बंद केला, खालचे सगळे नळ बंद केले आणि मीटरपाशी बसले. तरी काटा फिरतच होता. अंगणातली ओल बघून माती उकरली, तर नळी फुटलेली. गाडीच्या शेडसाठी तुम्ही खांब रोवलात ना, बरोबर तिथंच.

फोटो काढलेत. प्लंबर दुपारी येईल, तोवर पाणी बंद आहे. पिण्याचं भरून ठेवलंय. नळी दुरुस्त करून घेणार असू तर मागच्या बिलांच्या सरासरीनं आकारणी करायचा अर्ज घेतात, असं पालिकेतल्या बाई फोनवर म्हणाल्या. घेतला नाही तर मी साहेबांना भेटेन. बिलाचं माझ्यावर सोडा.

फरीदाकाकींना मात्र मी यातलं काही बोललेले नाही. त्या वर सामान बांधतायत, संध्याकाळी टेम्पो येणार आहे. ते तुम्हीच सांगायला हवं. गुडघे दुखतात तुमचे, ठाऊक आहे मला. तरी जिना चढून जा, खालून हाक मारू नका.

संयोगिता