बाबांना न सापडलेलं बटण

२ मार्च
वाचनालयाच्या वेबसाइटचं काम शेवटी माझ्याकडे आलं. ऑफिसात दुसऱ्या कोणी हात वर केला नव्हता, पण तो मुद्दा वेगळा. जुनी साइट म्हणजे पांढऱ्या पानावर निळ्या लिंका. संकल्प: सगळं नव्या ओपन स्टँडर्डमध्ये. कुठल्याही एका कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही.

बाबांना फोन केला. नजर गेल्यापासून ते याच वाचनालयाची ऐकायची पुस्तकं घेतात. कॉम्प्युटर त्यांना पान वाचून दाखवतो, ते कीबोर्डवर टॅब दाबत पुढे सरकतात. म्हणाले, आहे ते बरं चाललंय की. त्या पिढीचं असंच.

६ मार्च
ब्राउझरमध्ये बटणाचा तयार टॅग असतो, एक शब्द लिहिला की बटण हजर, पण दिसायला अगदी रेशनकार्ड. मी स्वतःचं बटण बनवलं. पुस्तकाच्या पाठीवर दाबलं की ते कपाटातून पुढे येतं आणि पान उलटतं. हिला दाखवलं. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, पण पुस्तक घ्यायचं कुठून? मी सांगितलं, हे काय, पाठीवर दाबायचं. म्हणाली, मग तसं लिही ना तिथे.
डिझाइनचा विषय घरात काढायचा नाही.

११ मार्च
डेव्हलपर लोकांच्या संमेलनात माझं भाषण ठरलं. विषय: ‘वेब सगळ्यांचं आहे’. सकाळ शीर्षकातच गेली.

दुपारी शंकासुर टेबलापाशी आला. आमचा टेस्टर. याचं खरं नाव आता पगारपत्रकातच उरलंय. म्हणाला, तुझं पान उलटणं एकाच ब्राउझरमध्ये चालतं, तेही सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं तर. म्हटलं, बाकीचे येतील मागून. म्हणाला, कीबोर्डवर चालवून पाहिलंस का? म्हटलं, हल्ली माणसं बोटाने दाबतात. त्याने मान हलवली. कुठल्या अर्थाने, ते विचारलं नाही.

१८ मार्च
साइट सुरू झाली. पहिला फोन ग्रंथपाल बाईंचा. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर नुसतं रिकामं कपाट दिसतंय म्हणे. ब्राउझर बदला म्हटलं. बदलायची परवानगी आम्हाला नाही म्हणाल्या. मग वेबच्या भवितव्यावर त्यांना सविस्तर ईमेल लिहिला. उत्तर नाही. वाचत असतील.

२१ मार्च, संध्याकाळ
बाबांचा फोन. कादंबरी ऐन रंगात आलीय, पुढचा भाग मिळत नाहीये. कॉम्प्युटर वाचनालयाचं नाव वाचतो, शोधायची चौकट वाचतो, की थेट तळाचा फोन नंबर. मधे काहीच नाही. टॅब दाबा म्हटलं. म्हणाले, दुपारपासून दुसरं काय करतोय?
निदान: त्यांचं वाचणारं सॉफ्टवेअर जुनं आहे.

२२ मार्च
आई-बाबांकडे जाऊन सगळं अपडेट केलं, ब्राउझरचं ते सेटिंगही चालू केलं. आता कॉम्प्युटरमधली वाचणारी बाई वेगळ्या आवाजात मधलं काहीच वाचत नाही. बाबा म्हणाले, जुनी बरी होती, ही घाईत असते.

आई मागे उभी होती. तिला साइट फार आवडली. पुस्तक कसं पुढे येतं, पान कसं उलटतं, सगळं बाबांना रंगवून सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग रेडिओ लावला.
चूक ब्राउझरचीच. रीतसर तक्रार नोंदवली.

२६ मार्च
ब्राउझरवाल्यांचं उत्तर आलं. ब्राउझर स्टँडर्डप्रमाणेच वागतोय. नेमकं कलमही दिलंय: तयार टॅग वापरा, नाहीतर बटणाचं नाव, काम आणि ते कीबोर्डवर कसं चालेल, सगळं ब्राउझरला तुम्हालाच सांगावं लागेल. तक्रार बंद.
ते कलम मी सुरुवातीलाच निवांत वाचायला म्हणून बाजूला ठेवलं होतं.

२८ मार्च
भाषण. हॉलच्या कॉम्प्युटरवर रिकामं कपाट. लोकांना म्हटलं, पुस्तकांची कल्पना करा. मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, ज्यांना दिसत नाही त्यांचं काय? म्हटलं, माझे वडील स्वतः ही साइट वापरतात.
तोंडातून कसं गेलं कळलं नाही. टाळ्या मात्र चांगल्या पडल्या.
रात्रीचं जेवण गेलं नाही. हॉलमधला चहा बाधला असावा.

२ एप्रिल
ग्रंथपाल बाईंचं उत्तर आलं, पण साहेबांना. साहेबांनी काम शंकासुराकडे दिलं. मला म्हणाले, तू संशोधनाकडे लक्ष दे. बढतीच म्हणायची. कसलं संशोधन, ते सांगितलं नाही. शंकासुराने माझी सगळी बटणं काढली आणि तयार टॅग टाकले. दुपारच्या चहाच्या आत.
संकल्प: ते कलम वाचणे.

५ एप्रिल
बाबांचा फोन. आवाज खुलला होता. कादंबरी संपली, दुसरी घेतली. म्हणाले, वाचनालयाची साइट परत कोणीतरी नीट केलीय. बाई प्रत्येक पुस्तकाचं नाव सांगते, घ्यायचं का विचारते. कोण आहे हा मुलगा?
ऑफिसातला एक जण आहे, म्हटलं.
म्हणाले, हुशार दिसतोय. त्याच्या हाताखाली काही दिवस काम मिळालं तर बघ. आणि माझ्यातर्फे त्याचे आभार मान, विसरू नकोस.
शंकासुर ऑफिसात दहाला येतो. उद्या मी पावणेदहालाच त्याच्या टेबलापाशी असेन.