दाराबाहेरच्या चपला

रविवार, संध्याकाळ

पोखर्णीजवळच्या शेतातला कलामेळा संपला. सगळे तंबूत, आम्ही दोघं टेम्पोत. यांनी जुन्या टेम्पोत पलंग, ओटा, गॅस बसवून घर केलंय. निवृत्तीनंतर यातच फिरत राहायचं म्हणतात. मी हट्टानं गाडीच म्हणते. जमणार आहे का मला असं?

काल शेतमालकाची आई बघायला आली. दाराबाहेर चपला काढून मगच आत चढली. मी म्हणलं, "मावशी, राहू द्या, गाडी हाय ही."

"चूल हाय, देव हाय, मंग घरच की बाई! नव्या घरात दूध उतू जाऊ दिलं का न्हाई?"

नव्हतं दिलं. अन् माझ्या चपला पायात, ओट्यापाशी! लय लाजले. रात्रभर तिच्याच चपला डोळ्यांपुढं.

आज परभणीत येऊन खाली उतरले तर पाय अनवाणी. माझ्या चपला तिकडंच, शेतात, दाराबाहेर काढलेल्या. हे हसत सुटले, "गाडीत बसताना कुणी चपला बाहेर काढतं का?"



परत टेम्पोत चढून बसलेय. गॅसवर दूध ठेवलंय, अन् मुद्दाम तिकडं बघत नाही.