तारकर्लीला दोघांनी जायचं

१२ जानेवारी, रविवार
नाकातोंडात पाणी! पहिलाच दिवस, आणि सगळ्यांसमोर खोकत वर आले. सकाळी काय तोऱ्यात गेले होते मी! तासगावकडची पोर. माहेरच्या विहिरीत घागर पडली की बुडी मारायला मलाच हाक यायची. हे सगळं जिनेंद्र सरांना ऐकवूनही झालं होतं. ते सांगलीहून दर रविवारी इथं साताऱ्याच्या पोहण्याच्या तलावात स्कूबा शिकवायला येतात. पाठीवर टाकी बांधली, तोंडात नळी दिली आणि म्हणाले, फक्त श्वास घेत राहा. मी काय केलं? सवयीनं छाती भरून घेतली, श्वास कोंडला, आणि नळीच सुटली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "पैसं दिऊन बुडायला शिकतीयास व्हय?"

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाला बायकांनी उखाणा घ्यायला लावला. ह्यांचं नाव घेताना बरं वाटलं. माणूस फौजेत; आज घरी हवा होता.

१९ जानेवारी
पुन्हा तेच. खाली गेले की श्वास आपोआप रोखला जातो. आज सर रागावलेच. "वहिनी, विहिरीतली हुशारी हितं चालायची न्हाई. टाकीतली हवा कोंडून वर आलासा तर फुप्फुस फाटंल."

आमच्याकडे जो जास्त वेळ वर येत नाही त्याचं कौतुक! आता या वयात उलटं शिकायचं.

पण शिकणारच. गेल्या वर्षी हे अंदमानला युनिटबरोबर एकदा पाण्याखाली गेले होते. फोनवर म्हणाले, "खाली लय शांत असतंय. तू पायजे हुतीस." लग्न झाल्यापासून ह्यांचे फोन म्हणजे पोचलो, जेवलो, आईला दे. तू पायजे हुतीस असं कधी म्हणाले नव्हते. त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगतेय. फेब्रुवारीअखेर रिटायर होतील, मग तारकर्लीला दोघांनी जायचं. अजून सांगितलेलं नाही. थेट समुद्रात ह्यांच्या आधी उतरणार!

२ फेब्रुवारी
जमलं!! सर म्हणाले, श्वास सोडताना नुसतं हूं म्हणत राहा. फोनवर ह्यांचं ऐकताना मी हूं हूं करते ना — तसंच केलं. बुडबुडे वर जात राहिले आणि मी तळाशी बसून राहिले. बाहेर आल्यावर रडू का आलं, माहीत नाही.

१६ फेब्रुवारी
पलंगावर ह्यांच्या बाजूला धुतलेले कपडे पडलेले असतात. आज सगळे कपाटात टाकले. जागा केली.

२ मार्च
आले! उघडी जीप, हलगी, गुलाल, गळ्यात मावेनात एवढे हार. मी ओवाळलं. हात धरावासा वाटत होता, पण दिवसभर पाहुण्यांच्या पंगती. असू दे. आता घाई कसली?

९ मार्च
सकाळी चहा देताना सांगून टाकलं. स्कूबा, सर, तारकर्ली — सगळं. हसले. "तू? पाण्याखाली?" क्षणभर चेहरा अगदी मला हवा होता तसा. मग कप खाली ठेवला. डीएससीत, म्हणजे लष्करी ठाण्यांच्या पहाऱ्याच्या दलात, नाव दिलंय म्हणाले. माजी सैनिकांना पुन्हा घेतात तिथं. मे महिन्यात कण्णूरला हजर व्हायचं. घरी यायच्या आधीच ठरवलेलं.

"घरात बसून काय करू? मला हितं करमत न्हाई गं."

मी कप उचलून धुतला. ज्या घरात मी एवढी वर्षं वाट बघितली, तिथं ह्यांना आठवडाभर करमेना. तारकर्लीचं पुन्हा विचारलं. पुढच्या सुट्टीत बघू, म्हणाले.

१० मार्च
मी चिडले. रडले. स्वयंपाक केला.

११ मे
हे काल गेले. आज सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्ये तारकर्ली का काय, जाऊन ये जा."

१८ मे, तारकर्ली
एकटीच आले. खाली पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी हाताजवळून गेले. वर बोटीत केस पुसताना लक्षात आलं — खाली होते तेवढा वेळ मला ह्यांची आठवणच आली नाही.

उद्याचंही बुकिंग केलं.