रविवारी फोरम बंद होता तेव्हा

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर मी पूर्ण केलेल्या गोष्टी फार नाहीत. या रविवारी एक झाली. इथे आयर्लंडमधल्या मराठी माणसांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. खोली भाड्याने, तूरडाळ कुठे मिळेल, विमानं कधी सुटणार, असल्या गप्पा. तो सांभाळणारा दादा कॅनडाला गेला आणि पासवर्ड माझ्याकडे देऊन गेला. कॉलेज अर्धवट सोडलेल्याच्या हाती सर्व्हर! सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्याला दुरुस्त्या येणं बंद झालेलं, जाहिरातवाले रोज घुसायचे. तरी हात लावायला भीती वाटायची. लॉकडाऊनमध्ये मी कामाच्या गोदामातून खोलीवर आणि खोलीवरून गोदामात. फोरम बिघडवून ठेवला असता तर मला मराठीत विचारणारं इथे कुणी उरलं नसतं.

एक दुपार आठवते: आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही मिक्सर उघडून बसला आहात. मी स्क्रूंची वाटी धरून उभा. गच्चीवर पोरं ओरडतात, मी वाटी ठेवून सटकतो. "उघडलंय ना? मग बंद करूनच उठायचं." तुम्ही आवाजही चढवला नव्हता, त्याचाच राग आला होता.

तर रविवारी बॅकअप घेतला, 'काम चालू आहे' अशी पाटी लावली आणि नवीन आवृत्ती चढवली. मधेच सँट्रीवरून, म्हणजे मी राहतो त्या भागावरून, विमान गेलं. हल्ली क्वचितच जातं, म्हणून खिडकीशी गेलो, तिथेच रेंगाळलो. परत येऊन बघतो तर पान पांढरंफटक. एक जुना प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, अडत होता. तो शोधून काढेपर्यंत दुपार गेली, पण उठलो नाही. फोरम सुरू झाला, फक्त सगळे लॉगआउट झाले.

लगेच फोरमवरच्या एका काकांचा फोन, शहराच्या दुसऱ्या टोकाला टॅलात राहणाऱ्या. कोल्हापूरकडचे, नर्स असलेल्या लेकीकडे आले आणि विमानं थांबल्याने अडकले. जुना पासवर्ड विसरलेले आणि खातं उघडताना ईमेल पत्ता मनानेच ठोकलेला, त्यामुळे नवीन पासवर्ड पोचणार कुठे?

"काय रं, आमालाच भाईर काढलास व्हय?"

"सगळ्यांनाच काढलंय काका. चोर शिरत होते."

"आन् मी चोर दिसलो तुला!"

"थांबा जरा, सर्व्हर हळू चालतोय."

"चालू दे. मला कुटं हापिसला जायाचंय? नातीला भाकरी शिकवतोय. आयर्लंडचा नकाशा थापती, वर म्हनती 'इट्स ग्रँड', म्हंजे झ्याक हाय. तू जेवलास का?"

"नाही अजून."

"का रं?"

मग बराच वेळ ते बोलत राहिले, मी हं हं करत राहिलो.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. सर्व्हर हळू चालत नव्हता. काकांचा नवीन पासवर्ड मी त्यांच्या पहिल्या दोन वाक्यांतच तयार केला होता. तो सांगितला की ते फोन ठेवणार होते.