टाकीवर बसवलेले दोन पंखे

अपेक्षा,

मी वैजापूरला माझ्या बहिणीकडं निघालेय, गुरुवारी येते. घरात शिरलीस की माशांच्या टाकीवर दोन छोटे पंखे फिरताना दिसतील. ते मीच बसवलेत.

दुपारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. तुझं थर्मामीटर तेहतीस दाखवत होतं. टाकीच्या दिव्याला हात लावला तर चटकाच बसला. मग क्रांती चौकात जाऊन कॉम्प्युटरचे जुने पंखे आणले. दुकानदार म्हणाला, "मावशी, बसवायला माणूस पाठवू का?" मी म्हटलं, "चिकलठाण्याच्या कंपनीत बारा वर्षं मोटारींना तारा गुंडाळल्यात मी. माणूस कशाला?" लई वर्षांनी पक्कड धरली, पण हात काही विसरले नव्हते गं!

एक पंखा दिव्याची गरम हवा बाहेर काढतो, दुसरा पाण्यावर वारा घालतो. आता एकोणतीस झालंय आणि सहाही मासे खाली नुसती पळापळी करायलेत. वाऱ्यानं पाणी लवकर आटतं, म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी रोज तांब्याभर घाल.

रविवारी मी तू माहेरून आणलेल्या टाकीला 'नसती ब्याद' म्हणाले आणि तू ती मैत्रिणीला द्यायची ठरवलीस. माझं चुकलं. तिला फोन करून नाय म्हणून सांग.

आणि माशांची नावं कागदावर लिहून ठेव. आज दिवसभर सगळ्यांना 'ए बाळा' म्हणूनच हाक मारली मी.

आई