टिल्लीला सोबत

२ नोव्हेंबर १९६१, अमरावती

टिल्लीनं आजही दूधभाकरीला तोंड लावलं नाही! वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि एवढा मोठा उसासा टाकला की मीच ओशाळले. कुत्री हातभर, उसासा म्हशीचा.

मैनाचं लग्न झालं, ती दर्यापूरला सासरी गेली, तेव्हा जेवण माझं तुटलं होतं. टिल्ली पाटाशी येऊन बसायची. लेक गेली म्हणून आईनं उपाशी राहायचं नाही — मी दोन घास खाईपर्यंत हलायची नाही. आता तिची पाळी आली. मी सकाळी प्रसूतिगृहात ड्यूटीवर जाते ती संध्याकाळी उगवते. दिवसभर ही मागच्या अंगणात एकटी. काय करत असेल बिचारी?

४ नोव्हेंबर

ठरलं. टिल्लीला सोबत आणायची! दुसरी एक अशीच लहानशी कुत्री.

संध्याकाळी — नाही ठरलं. एकीची मर्जी सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, दोघींची कोण सांभाळणार?

८ नोव्हेंबर

आज एक सासू सुनेला घेऊन आली. "सिस्टर, हिले अपचन झालं. ओव्याचं पाणी देऊन राहिली मी, तरी फरक नाई." सून दारातून आत येत होती तेवढ्यातच मी म्हटलं, "ओवा राहू द्या मावशी, कुंची शिवायला घ्या. पाचवा महिना आहे!" सासूबाई मटकन खालीच बसल्या.

मला चाल पाहिली की कळतं. पोट पाहावं लागत नाही. पण एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना दिसू नये म्हणजे कमाल झाली. डोळे काय नुसते काजळ घालायला आहेत?

घरी आले तर टिल्लीच्या पाठीवर कापूस! गादी चाचपली, उशा चाचपल्या — कुठेच उसवलेलं नाही. काळजीनं माणसाचे केस पांढरे होतात. कुत्र्यांचं असं काही होत असेल का? डॉक्टरीणबाईंना विचारणार होते, पण त्या हसतील.

९ नोव्हेंबर

टिल्ली दिवसभर झोपली असावी. मी आले तरी झोपलेलीच. शेपटीचं टोक तेवढं हललं. आता मात्र नक्की. अकोल्याला भागीरथाकडे पिल्लं झाली आहेत, तिला कार्ड टाकलं.

१४ नोव्हेंबर

भागीरथाचं उत्तर. धाकटी बहीण असून लिहिते आजीसारखं. "पिल्लू आहे. नर की मादी, कळव. आणि जेवत जा."

मादीच! दिवसभर दुसऱ्यांची बाळंतपणं करते, घरी तरी ती भानगड नको. शिवाय गल्लीतल्या कुत्र्यांना टिल्ली दारात उभंही करत नाही. इतका मानी स्वभाव! म्हणून तर एकटी पडली.

१९ नोव्हेंबर, अकोला

टिल्लीला पिशवीत घालून आणलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना पिशवीनं जांभई दिली. शेजारच्या बाईनं मुलाला माझ्यापासून दूर ओढलं.

भागीरथानं पोहे केले होते. वर म्हणते कशी, "पाह्यचा कार्यक्रम आहे, मंग पोहे नको काय?" तिच्या मालकांनी, पंजाबरावांनी, पिल्लाला धुऊनपुसून चटईवर बसवलं होतं. स्वतः टोपी घालून बसले. "मुलगी घरकामात हुशार आहे," म्हणाले. "रंगानं जरा सावळी. पण नाक पाहा!"

सावळी मुलगी आली आणि तिनं टिल्लीचा कान धरला. टिल्ली खाटेखाली गेली ती गाडीच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाही. पसंती कळली नाही, नापसंतीही कळली नाही. मैनाला पाहायला आले होते तेव्हा तीही अशीच आत जाऊन बसली होती, आणि आता पाहा, दर्यापूरहून हलत नाही!

निघताना भागीरथा म्हणाली, "तुही कुत्री उदास नाई जयवंताबाई. माजली आहे. पोट पाह्य तिचं!"

उपाशीपोटीही पोट फुगतं. दवाखान्यात पाहिलंय मी. तिला काय सांगायचं?

पिल्लू अजून दूध पितं. पंजाबराव डिसेंबरात घेऊन येतील.

२६ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहिताना शाईची दौत सांडली. रागानं!

मागच्या गल्लीत वाहेदभाईंचं गाद्या भरायचं दुकान आहे. आमच्या तुराट्यांच्या कुंपणापलीकडेच त्यांची मागची बाजू, पण जायचं तर रस्त्यानं वळसा पडतो, म्हणून कधी जाणं झालं नाही. आज गेले. म्हटलं, दोन कुत्र्या मावतील एवढी गादी भरून द्या. वाटलं, हसतील. हसले नाहीत.

"सिस्टर, मी बी दुसरं कुत्रं पाहून राहिलो. आमची बेगम रात्री घरी थांबतच नाई. एकटी पडली, म्हणून भटकत असन."

"अगदी बरोबर!" मी म्हटलं. "सोबत हवीच. माझी तर अन्नाला शिवत नाही."

"आमची खाते लई. दुःखानं खात असन."

"असेल हो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी."

असे आम्ही दोघं किती तरी वेळ कुत्र्यांच्या मनाविषयी बोलत बसलो. इतकं समजून घेणारं माणूस मला अमरावतीत भेटलं नव्हतं. तेवढ्यात त्यांची बायको नईमा आतून वाडगा घेऊन आली. "बेगम! ओ बेगम! खाना खा ले!"

पिंजलेल्या कापसाच्या ढिगातून एक डोकं वर आलं. माझ्या टिल्लीचं!

तिनं मला पाहिलं. लाज? नावाला नाही! रस्स्यात कुस्करलेली पोळी चाटूनपुसून संपवली आणि आमच्या दोघांच्या मधोमध येऊन बसली. तोंड पुसलं ते माझ्या पदराला.

२७ नोव्हेंबर

टिल्लीशी अबोला धरला आहे.

तिच्या लक्षात आलेलं नाही.

२८ नोव्हेंबर

कुंपणाला एक भोक आहे. जुनं, गुळगुळीत झालेलं. म्हणजे हे कधीपासून चाललंय!

नईमाला कुंपणावरून हाक मारली. शांतपणे सांगायचं ठरवून गेले होते. म्हटलं, खाणं कमी करा, तिचं पोट सुटलंय, मी नर्स आहे, मला कळतं. ओव्याचं पाणी पाजा. नईमा म्हणाली, बरं. मग म्हणाली, "पर सिस्टर, हमारी बेगम को कमजोरी आ गई तो?"

"तुमची? रात्री माझ्या पायाशी निजते ती!"

"और दिन भर किस के पास रहती?"

मी आवाज चढवला. तिनंही चढवला. शेवटी वाहेदभाई हातातली सुई तशीच घेऊन बाहेर आले. "भांडता काहून? तिलेच ठरवू द्या न. जिथं राह्यली, त्याची."

मी म्हटलं, मंजूर. तोऱ्यात म्हटलं. आत येऊन दार लावलं आणि हिशेब मांडला. तिकडे रस्सा, तिकडे कापसाचा ढीग, तिकडे दिवसभर माणसांचा राबता. इकडे काय, तर मी. तीही संध्याकाळनंतरची.

३० नोव्हेंबर

टिल्ली संध्याकाळी आली नाही.

१ डिसेंबर

आजही नाही. भोकाशी जाऊन दोनदा उभी राहिले. हाक मारली नाही. कुंपणापलीकडून नईमाचा आवाज — "ले बेगम, ओवे का पानी पी ले." माझंच औषध!

पाट मांडला, ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं. पाटाशी येऊन बसणारं कोणी नव्हतं. रडले. लिहून ठेवते, कोण वाचणार आहे?

२ डिसेंबर

पंजाबराव पुढच्या आठवड्यात पिल्लू घेऊन येणार. आता कशाला? टिल्लीला सोबत म्हणून आणायचं, तर टिल्लीच नाही. आणि आणलं, आणि तेही भोकातून गेलं तर? वाहेदभाईंकडे दोन-दोन कुत्र्या झाल्या तरी वाढायला नईमा आहेच. नकोच. उद्या अकोल्याला कळवून टाकते.

३ डिसेंबर

रविवार. दुपारी कुंपण करकरलं. टिल्ली! भोकात अर्धी आत, अर्धी बाहेर — पोटाशी अडकलेली. तरी मागे फिरली नाही. घुसलीच. पाठीवर तुराट्यांचे तुकडे घेऊन सरळ घरात, माझं ड्यूटीचं पांढरं पातळ दोरीवरून ओढलं, खाटेखाली नेलं आणि —

चार! चारही सुखरूप!

आणि मी, चाल पाहून महिना सांगणारी, तिला ओवा पाजायला सांगत होते!

मी ओरडले तशी नईमा कुंपण मोडूनच आली. पाणी तिनं तापवलं. आम्ही दोघी खाटेखाली डोकी घालून पालथ्या पडलो होतो. टिल्लीनं आधी माझा हात चाटला, मग तिचा. नईमानं मग मला बळंच जेवायला बसवलं आणि मी संपवेपर्यंत पाटाशी बसून राहिली.

भागीरथाला कार्ड टाकलं: पिल्लू पाठवू नकोस. तुलाच एक पाठवते. नर की मादी, कळव.