न सापडलेल्या आठ चुका

आदरणीय वासंतीबाई,

शाळा सोडून मला बारा वर्षे झाली आणि आपण निवृत्त होऊन दुपारची झोप मिळवलीत, अशा वेळी आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. (घरी आपण माझ्या आत्या, शाळेत माझ्या बाई. हे पत्र बाईंना आहे, म्हणून ‘आपण’. आत्याशी बोलायचे ते ताज्या कलमात.) आपला गुडघा कसा आहे? जिना चढता येतो ना? मी इकडे ऑस्ट्रेलियात, डार्विनला खुशाल आहे. इथले घड्याळ सांगलीच्या बरोबर चार तास पुढे आहे आणि उकाडा घड्याळाच्याही पुढे.

इथे शाळेचे वर्ष डिसेंबरात संपते. मी आठवीला गणित शिकवते, पण करारावर. पुढच्या वर्षी मला ठेवायचे की नाही, हे आमच्या विभागप्रमुख ग्लेनिस माझे दोन तास मागच्या बाकावर बसून पाहणार आणि मग ठरवणार. विषय एकच : वर्षभराच्या गणिताची उजळणी, पण मुलांना कंटाळा येऊ न देता. मी आधी आपल्या पद्धतीने चाळीस उदाहरणांचा संच काढला होता, वर स्वच्छतेला दोन गुणही ठेवले होते. (मुलांना गंमत वाटावी म्हणून. त्यांना ती वाटली नाही.) ग्लेनिसनी तो संच पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि मला ‘चूक शोधा’ हा खेळ सुचवला. शिक्षकाने फळ्यावर सोडवलेली उदाहरणे लिहायची, प्रत्येकात एक चूक लपवायची आणि मुलांनी पोलिसांसारखा तपास करायचा.

कल्पना उत्तम होती. फक्त त्यासाठी मला चुकावे लागणार होते. आपल्याला आठवत असेल, नववीच्या सहामाहीत उत्तरापुढे ‘चौ. सेमी’ लिहायचे राहिले म्हणून आपण माझा अर्धा गुण कापला होता. चुकांचा माझा सारा अनुभव एवढाच. गेल्या आठवड्यातल्या शनिवारी दिवसभर बसून मी वहीत आठ चुका तयार केल्या. पहिली होती सात आठे नऊ हजार. ती वाचून माझे मलाच कळले, की हिला कोणी चूक म्हणणार नाही, आजारपण म्हणतील. खऱ्या चुकीमागे काही विचार असतो. तो माझ्याकडे नव्हता. तरी कशाबशा आठ जमवल्या आणि परवा शुक्रवारी वर्गात गेले.

फळ्याकडे तोंड केले आणि हाताने दगा दिला. वहीत ‘एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश’ असे स्वच्छ लिहिलेले होते. फळ्यावर हात पाच षष्ठांश लिहून मोकळा झाला. एकदा मी नेट लावून चुकीचे उत्तर लिहिलेही. पण वर्गाकडे वळायच्या आत माझ्याच डाव्या हाताने ते पुसले. अशी आठही उदाहरणे निर्दोष सोडवून मी मुलांना म्हणाले, शोधा चुका.

बाई, त्यांनी वीस मिनिटे शोधल्या. एरवी ज्या मुलांचे डोळे सुट्टीकडे लागलेले असतात, त्यांनी प्रत्येक पायरी तीनतीनदा पडताळली. दोघींची भांडणे झाली. शेवटी सावनी उभी राहिली. (हिचे आईवडील पुण्याचे, ही घरी मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते.) “मिस, दे आर ऑल करेक्ट,” असे तिने जाहीर केले. मग फळ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल अशा बेताने, मराठीत म्हणाली, “ताई, तुम्हाला चुकता येत नाहीये का?” मी मान खाली घातली. ती म्हणाली, “नो वरीज.”

ग्लेनिसनी वहीत लिहिले : ‘मुले पूर्णपणे गुंतलेली. कशात, ते स्पष्ट नाही.’ जाताना म्हणाल्या, “मंगळवारी पुन्हा बघते, सुखदा. पण या वेळी खऱ्या चुका हं, मेट!” (इथे प्रत्येक जण प्रत्येकाचा ‘मेट’, म्हणजे दोस्त.)

आपले मार्गदर्शन लाभावे, एवढीच नम्र विनंती.

आपली विद्यार्थिनी,
सुखदा

ता. क. – आत्या, मार्गदर्शन राहू दे. मला तुझ्या लेकाच्या, म्हणजे अवधूतदादाच्या, सातवी-आठवीच्या गणिताच्या वह्या हव्या आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतील. बावन्नातून अडतीस वजा करून तो सव्वीस आणायचा, कारण दोनातून आठ जात नाहीत तर आठातून दोन घालवावेत. शून्य दशांश पाचपेक्षा शून्य दशांश पस्तीस मोठे, कारण पस्तीस. अशा चुका मला सात जन्मांत सुचणार नाहीत. सोमवारी संध्याकाळपर्यंत फोनवर फोटो पाठव. तू माळ्यावर चढू नकोस, शेजारच्या श्रीनिवासला चढव. (वर गुडघ्याची चौकशी केली ती याचसाठी नव्हती. निदान पूर्णपणे नव्हती.)

ता. क. २ – दादा आता मेलबर्नला पुलांचे आराखडे तपासतो, तेव्हा त्याला यातले काही कळवू नकोस. कळवलेसच, तर हेही कळव, की सहावीत मी त्याची वही साऱ्या वर्गाला हसत हसत वाचून दाखवली होती, ते हसणे मी परत घेते.

ता. क. ३ – मंगळवारच्या सरावासाठी या पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत एक चूक मुद्दाम केली आहे. फार वेळ लागला. अर्धा गुण खुशाल काप.

पाठवले : डार्विन, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे सांगलीत दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.